रीत मागच्या पानावर

गिरगाव,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. अंबिका,

शेजारच्या इरावतीबाईंची नात तुझ्याकडे ॲबॅकस शिकते. त्यांनी कौतुकाने तुझ्या क्लासचं पत्रक आणून दाखवलं. अंबिका घाडी, कंसात परब, डिलाईल रोड. कंसातलं नाव वाचलं आणि तू आठवलीस. परळच्या शाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस आणि गणितात गटांगळ्या खायचीस. आज तू गणित शिकवतेस, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आता कामाचं. दिवाळीत मला पक्षाघाताचा झटका आला. लहान होता असं डॉक्टर म्हणतात. हात परत आला, बोलणं परत आलं, वाचन परत आलं. आकडे आले नाहीत. कागदावर आठ लिहिलेला असला तर मी तो ‘आठ’ म्हणून मोठ्याने वाचते. पण आठ म्हणजे किती, ते कळत नाही. जिन्यात रोज दिसणाऱ्या माणसाला ओळखावं आणि तो कोणाकडे राहतो ते मात्र ठाऊक नसावं, तसं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईचं हे असं झालं आहे. यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

मी एकटी राहते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्या रोज सारख्या नसतात, काही वारी एक आणि काही वारी दीड. माझा भाचा देवदत्त दर रविवारी वडाळ्याहून येतो आणि आठवड्याच्या डबीत त्या भरून जातो. पाडव्यानंतर डॉक्टरीणबाई मला तपासणार आहेत. माझी डबी मला भरता आली तर मी या घरात राहीन, नाही तर देवदत्त मला वडाळ्याला नेईल. तो वाईट नाही. त्याने माझ्या खोलीसाठी पडदेसुद्धा शिवून घेतले आहेत. त्या पडद्यांमुळेच मला झोप येत नाही.

तू मला पोस्टाने शिकव. रोज पानभर लिहा असं मला इस्पितळातून सांगितलं आहे, तर ते पान तुझ्याच नावाने जाऊ दे. फोन नको. अर्धं ऐकू येत नाही. घरीही यायचं नाही. तू समोर बसलीस तर माझा हात चालणार नाही.

पत्रावर मी तारीख घालत नाही, वार घालते. कारण वर आलंच आहे.

मृणालिनी विजयकर


डिलाईल रोड,
२४ जानेवारी

बाईंना नमस्कार.

हसले नाही. खरं सांगू, पत्र हातात घेऊन आधी मी उभी राहिले. मिस्टर म्हणाले, बस की, पत्र आहे, बाई नाहीत. मग बसले.

इतकी मुलं शिकवली, पण पोस्टाने कोणाला शिकवलं नाही. करून बघू. मिस्टरांच्या हाती ॲबॅकस पाठवतेय. ते खाली वॉचमनकडे देतील, वर येणार नाहीत. मुलांचा आहे, म्हणून रंगीत आहे. त्याच्यावर हत्तीचं स्टिकर आहे ते काढू नका, खाली गोंद आहे, बोटाला चिकटतो.

आता धडा. चौकट आडवी धरा. मध्ये एक आडवी पट्टी आहे. प्रत्येक काडीवर पट्टीच्या वर एक मणी, तो पाचाचा. पट्टीच्या खाली चार मणी, ते एकेकाचे. मणी पट्टीला टेकला तरच मोजायचा. लांब राहिला तर तो असून नसल्यासारखा. एवढंच. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

सोबतच्या कागदावर काही बेरजा शब्दांत लिहिल्यात. उत्तर लिहा आणि बाजूला मणी कसे लागले त्याचं चित्र काढा. आधी बोट, मग तोंड. पाढे म्हणायचे नाहीत. माझ्याकडची हुशार मुलं तिथेच मार खातात.

तुमची विद्यार्थिनी (दहावी ब),
अंबिका


गिरगाव,
रथसप्तमी

चि. अंबिका,

ॲबॅकस पोचला. मी आयुष्यभर याला मण्यांचा तमाशा म्हणत आले. आता तोच टेबलावर हत्तीसकट बसला आहे. स्टिकर काढायला गेले आणि गोंद चिकटला. तू सांगितलं होतंस, हे कबूल.

उत्तरं आणि चित्रं सोबत पाठवते. बेरजा सोप्या होत्या. पुढच्या अवघड पाठव, वेळ फार नाही.

मला एका जागी बसवत नाही. मणी सरकवायला बसते, दोन बेरजा होतात न होतात तोच उठून गॅलरीत येते. समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. पूर्वी रोज सकाळी दात घासताना मी त्या मोजायची, काही कारण नसताना. आता त्या नुसत्या पुष्कळ खिडक्या आहेत. आत येते, पुन्हा बसते, पुन्हा उठते. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की बाई, रात्री काही सरकवता का. मी म्हटलं, स्वतःलाच.

रविवारी देवदत्त आला तेव्हा ॲबॅकस मी तांदळाच्या डब्यावर ठेवून वर परात पालथी घातली. त्याने डबी भरली, मला दाखवून दाखवून. आत्या, ही आजची, ही उद्याची. मी मान डोलावली. मी वर्गात ज्या मुलींना ‘कळलं का’ विचारायची, त्या मान डोलवायच्या ना, तशी.

मृणालिनी विजयकर


डिलाईल रोड,
१० फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

तुमचा पेपर तपासला. उत्तरं सगळी बरोबर. मार्क शून्य.

कारण चित्रं. पाच आणि तीन याचं उत्तर तुम्ही आठ लिहिलंय, पण बाजूला खालचे चारही मणी पट्टीला लावलेत आणि वरचा लांब ठेवलाय. हे चार झाले, बाई. आठ म्हणजे वरचा एक आणि खालचे तीन. पुढच्या चित्रात तर एकही मणी टेकलेला नाही आणि उत्तर मात्र सहा. म्हणजे तुमच्या बोटांनी काही केलंच नाही. पाच नि तीन म्हटल्यावर तोंडाने आपोआप आठ म्हटलं आणि तुम्ही ते लिहून घेतलंत. मणी नंतर काढलेत, शोभेला.

मी हे ओळखणारच. सहामाहीत मला तुम्ही असंच शून्य दिलं होतं. उत्तरं बरोबर, रीत नाही. लाल पेनने लिहिलं होतंत, ‘रीत कुठे आहे?’ आणि वर्गात विचारलं होतंत की कोणाच्या पेपरातून उतरवलंस. ते विचारायची काय गरज होती?

तोच कागद पुन्हा पाठवतेय. अवघड पाठवणार नाही.

अंबिका


गिरगाव,
शनिवार

अंबिका,

शून्य मिळालं. योग्य आहे. रीत नसेल तर उत्तराला अर्थ नाही. म्हणजे तुलाही मी तेव्हा योग्यच दिलं होतं. तूच आज ते सिद्ध केलंस, तेव्हा त्याबद्दल माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवू नकोस.

तो कागद मी पुन्हा सोडवणार नाही. बालवाडीचा आहे. एखाद्याच्या आजारपणाचा उपयोग करून जुने हिशेब काढायचे असतील तर तसं सांग, ॲबॅकस वॉचमनकडे ठेवते, घेऊन जा.

मृणालिनी विजयकर


डिलाईल रोड,
२१ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

माणूस पाठवलेला नाही. ॲबॅकस राहू दे तुमच्याकडे.

पण तुम्ही सिद्ध झालं म्हणालात, ते नाही झालं. तुमच्याकडे रीत नव्हती. माझ्याकडे होती, फक्त तुम्हाला दिसली नाही. ती बाकाखाली होती.

माझी आई मिलमध्ये वाइंडिंगला होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. बॉबिनी ती बोटांच्या पेरांवर मोजायची. अंगठा एकेका पेरावर टेकवत जायचा, एका हाताची पेरं संपली की दुसऱ्या हाताचं एक बोट दुमडायचं. आमच्या घरात सगळे असेच मोजायचे. मालवणात आजीपण अशीच नारळ मोजायची. मी गुणाकारसुद्धा तसे करायची, बाकाखाली, कारण वर केलं की मुली हसायच्या. मग तुम्ही यायचात आणि म्हणायचात, ‘परब, हात बाकावर.’ हात बाकावर आले की माझं गणित थांबायचं. तुम्हाला वाटायचं, हिला काही येत नाही.

आज माझ्या वर्गातली मुलं हवेत बोटं नाचवून हिशोब करतात. आईबाप व्हिडिओ काढतात. एक पप्पा मला म्हणाले, मॅडम, हे बोटं हलवायचं बंद करा, बरं दिसत नाही. मी त्यांना बाहेर बसवलं.

तुम्हाला छळायला मी शून्य दिलं नाही. तुमच्या गोळ्या तुमचं तोंड मोजणार नाही म्हणून दिलं.

कागद पुन्हा पाठवतेय. डोळे मिटून करा. बोटांना बघायची गरज नसते.

अंबिका


गिरगाव,
धुळवडीचा दुसरा दिवस

चि. अंबिका,

उत्तराला उशीर झाला. झालं ते क्रमाने सांगते. देवदत्तला यातलं काही माहीत नाही, आणि ते तसंच राहील.

महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या मुलाला ताप होता. फोनवर म्हणाला, आत्या, शेजारी कोणाकडून तरी भरून घे. मी कोणाला बोलावलं नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी समोर घेतली आणि डबी स्वतः भरली. मोठ्याने वाचत गेले, सोमवारी एक, मंगळवारी दीड, अगदी स्पष्ट उच्चारात. हात आपल्या सोयीने चालत राहिला. आठवडा संपायच्या आत दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि दंडावर जांभळे डाग उठले. तेव्हा कळलं की मी सगळ्याच वारी जास्त घेत होते. रक्त तपासून आणलं. डॉक्टरीणबाईंनी काही दिवस गोळ्या बंद ठेवल्या आणि मला चांगलं खडसावलं. मी ऐकून घेतलं. देवदत्तला सांगितलं की ब्रश कडक होता.

त्या संध्याकाळी तुझा बालवाडीचा कागद काढला. डोळे मिटले. पाच, म्हणजे वरचा मणी खाली. मग खालचे एकेक करून वर. एक टेकला, टक. आणखी एक टेकला, टक. आणखी एक. थांबले. बोट फिरवून पाहिलं. वर एक, खाली तीन, आणि शेवटचा एक लांब पडलेला. किती वेळ तशीच बोट फिरवत बसले ते सांगता येणार नाही. अंबिका, आठ माझ्या बोटाखाली होते. मी त्यांना नाव दिलं नव्हतं, ते आधी आले आणि नाव मागून आलं. आयुष्यात माझ्या बाबतीत असं उलट कधी झालं नव्हतं.

पुढची सगळी चित्रं सोबत आहेत. तपास. दया करू नकोस.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. इस्पितळातून सोडलं तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांनी मला साताचा पाढा विचारला होता. मी न अडखळता म्हटला. देवदत्तचा चेहरा उजळला आणि कागदावर ‘उत्तम’ असा शेरा पडला. मला पाढे सगळे येतात. पावकी, निमकी, दिडकीसुद्धा येते. त्यातलं एक अक्षर मला कळत नाही. पाडव्यानंतर डॉक्टरीणबाईंनीही पाढाच विचारला तर मी पास होईन आणि घरात राहीन. गेले काही दिवस मी खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत हाच विचार घेऊन फिरते आहे. तुझं काय मत?

मृणालिनी विजयकर


डिलाईल रोड,
१९ मार्च

बाईंना नमस्कार.

आधी हे. रक्त पुन्हा कधी तपासायचं ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी जाच. नाही गेलात तर मी वर येईन, तुमची अट बाजूला ठेवून.

चित्रं बघितली. एक चुकलंय, नऊमध्ये वरचा मणी विसरलात. बाकी बरोबर. मार्क लिहीत नाही, तुम्ही लगेच सरासरी काढायला बसाल.

तुमच्या प्रश्नाचं. पाढा म्हणा आणि पास व्हा. मी कोणाला सांगणार नाही. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी डबी कोण भरणार, ते मला कळवा.

गोळ्यांसाठी रीत सांगते. दीड डोक्यात धरू नका, दीड फसवतं. सगळं अर्ध्यांत मोजा. अर्धी गोळी म्हणजे एक मणी. अख्खी म्हणजे दोन. दीड म्हणजे तीन. प्रत्येक वाराला एक काडी. सोमवारची उजवीकडून पहिली, मग डावीकडे सरकत जा. आधी चिठ्ठी बघून सगळा आठवडा मण्यांवर लावा, मग मणी बघून डबी भरा. शेवटी उलट करा. डबीतलं बघून मणी पुन्हा लावा. जुळलं तर झाकण.

माझ्याकडे पहिल्या लेव्हलची परीक्षा ॲबॅकस समोर ठेवूनच होते. त्याला कोणी कॉपी म्हणत नाही.

उद्यापासून स्पर्धेची तयारी आहे, लालबागच्या हॉलमध्ये शंभरेक मुलं आणि त्यांच्या दुप्पट आया. उत्तराला उशीर झाला तर रागावू नका. रागावलात तरी चालेल.

अंबिका


गिरगाव,
३ एप्रिल

चि. अंबिका,

परीक्षा काल झाली. परळच्या इस्पितळात, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. देवदत्त मला घ्यायला आला तेव्हा मी ॲबॅकस पिशवीत न घालता हातात धरून खाली उतरले. त्याने विचारलं हे कोणाचं. मी म्हटलं माझं. त्याने हत्तीकडे बघितलं, आणि टॅक्सीत सारखा माझ्याकडे बघत होता. बिचाऱ्याला वाटलं असेल, आत्याचं आणखी काही गेलं.

बाई तरुण आहेत, चटपटीत. ‘उत्तम’ शेऱ्याचा जुना कागद त्यांच्यासमोर होता. हसून म्हणाल्या, तुमचे पाढे फारच पक्के आहेत असं दिसतंय, साताचा म्हणता?

तोंड उघडलं होतं, अंबिका. ‘सात एके’ जिभेवर आलं होतं. देवदत्तचा चेहरा आधीच उजळायला लागला होता.

मी म्हटलं, “पाढा म्हणणार नाही. तो मला येत नाही, तोंडाला येतो. मला गोळ्या द्या.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. जास्त गोळ्या कशा गेल्या तेही सांगितलं. देवदत्त म्हणाला, आणि मला ब्रशचं सांगितलंस. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

बाईंनी स्ट्रिप, कापलेल्या अर्ध्या गोळ्या आणि रिकामी डबी पुढे ठेवली. मी ॲबॅकस मधोमध घेतला. सोमवारची काडी, चिठ्ठी, मणी. मंगळवारची काडी, चिठ्ठी, मणी. टक टक आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता. माझं बोट एकेक मणी चाचपत होतं आणि सगळ्यांना दिसत होतं. दिसू दिलं. देवदत्तला धीर निघेना. त्याचा गुडघा हलत होता, मग हात पुढे आला, माझा मणी सरकवायला. मी म्हटलं, “देवदत्त, हात मांडीखाली.” तो मुकाट्याने हातावर बसला. पन्नाशीचा माणूस आहे.

डबी भरली. मग तू सांगितल्याप्रमाणे उलट केलं. गुरुवारी जुळेना. मणी तीन म्हणत होते, डबीत अख्खी गोळी एकच होती. बाईंना ते आधीच दिसलं असणार, पण त्या गप्प बसल्या होत्या, चांगली शिक्षिका बसते तशा. मी पुन्हा चिठ्ठी पाहिली, पुन्हा बोट फिरवलं, आणि अर्धी गोळी घातली. झाकण लावलं.

निकाल असा. दिवाळीपर्यंत मी माझ्या घरात. डबी मी भरायची, आणि ती लावलेल्या मण्यांसकट दर रविवारी दुसऱ्या कोणी तरी पाहायची. दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा. पूर्ण पास नाही. देवदत्त म्हणाला, मी पाहीन. मी म्हटलं, तू ये, जेवायला ये, पण तुला ही रीत येत नाही. तो म्हणाला, मग मला शिकव. टॅक्सीत त्याने हत्तीचं स्टिकर नखाने सरळ केलं. पडदे पाहुण्यांच्या खोलीला लावतो म्हणाला.

रात्रभर स्वस्थ झोपले असं लिहिलं तर खोटं होईल. पहाटे उठून डबी पुन्हा तपासली. दिवाळीपर्यंत हे असंच चालेल. सकाळी गॅलरीत गेले. खिडक्या अजूनही पुष्कळच आहेत. पण खालची एक ओळ मी कठड्यावर हात ठेवून मोजली, अंगठ्याने, पेरांवर. ती रीत कोणाची ते तुला माहीत आहे. समोरच्या घरातल्या बाईंनी पाहिलं. मी हात खाली घेतला नाही.

तुझी स्पर्धा आटोपली की येत्या रविवारी ये. माझी पहिली डबी तू पाहावीस असं वाटतं. समोरच्या खुर्चीवर बस. माझा हात आता चालेल. आणि मोजताना तुझे हात कुठे ठेवायचे ते तुझं तू ठरव.

पत्राच्या वर तारीख घातली आहे, ती मी मण्यांवर लावली आहे. चुकली असेल तर लाल पेनने गोल कर. रीत मागच्या पानावर आहे.

मृणालिनी विजयकर